जीवरसायनशास्त्र आणि पेशीजीवशास्त्र: सारे पाठ आहे, तरी प्रश्न सुटत नाही

निळी_शाई (प्रश्न)

नमस्कार. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि या सत्रात प्राथमिक जीवरसायनशास्त्र व पेशीजीवशास्त्र असे दोन्ही विषय मला एकाच वेळी शिकावे लागत आहेत. ग्लायकोलिसिसच्या (ग्लुकोजच्या विघटनाच्या) दहाही पायऱ्या एन्झाइमांच्या नावांसकट मला लिहिता येतात, क्रेब्स चक्र न बघता काढता येते आणि श्वसनसाखळीतील, म्हणजे मायटोकाँड्रियात इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोहोचवणाऱ्या साखळीतील, चारही प्रथिन-संकुले क्रमाने सांगता येतात. तरीही सरावासाठी मिळालेल्या प्रश्नसंचातील एका प्रश्नापाशी मी अडून बसले आहे. तो प्रश्न असा:

«यकृतातून वेगळी केलेली मायटोकाँड्रिया सक्सिनेट, एडीपी आणि फॉस्फेट असलेल्या द्रावणात ठेवली असता ती वेगाने ऑक्सिजन वापरू लागतात. ऑलिगोमायसिन घालताच हा वेग मंदावतो. नंतर डायनायट्रोफिनॉल घातले की वेग पुन्हा वाढतो, पण एटीपी तयार होत नाही. शेवटी सायनाइड घातल्यावर ऑक्सिजनचा वापर थांबतो. प्रत्येक बदलाचे कारण द्या.»

ऑलिगोमायसिन हे एडीपी व फॉस्फेटपासून एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) घडवणाऱ्या एटीपी सिंथेज या एन्झाइमाला अडवते, एवढे मला माहीत आहे. पण ऑक्सिजन वापरला जातो तो चौथ्या संकुलापाशी. मग भलत्याच एन्झाइमाला अडवल्याने ऑक्सिजनचा वापर का घटावा, हे काही केल्या उलगडत नाही.

त्याच अनुषंगाने आणखी दोन गोष्टी विचारते. पाठांतर नेमके कुठवर करावे? आणि एका विषयात केवळ अभिक्रिया, तर दुसऱ्यात केवळ पेशीअंगकांच्या आकृत्या अशी विभागणी झालेली असताना या दोहोंचा अभ्यास एकत्र कसा करावा?

ऑक्सिजनमापक

आपण अगदी योग्य ठिकाणी अडला आहात, म्हणून आधी तो प्रश्नच सोडवू. अभ्यासाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते बरेचसे त्यातूनच निघेल.

श्वसनसाखळी आणि एटीपी सिंथेज यांना जोडणारा कोणताही रासायनिक पदार्थ नाही. साखळीत काहीतरी तयार होते आणि ते सिंथेजला कच्चा माल म्हणून मिळते, असे चित्र डोक्यात असेल तर ते आधी पुसून टाकावे. १९५० च्या दशकात बहुतेक संशोधक असाच एक ऊर्जायुक्त मध्यस्थ पदार्थ शोधत होते आणि तो कोणालाही सापडला नाही. पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडले की या दोहोंमध्ये सामाईक असते ती आतल्या पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनची तफावत. पहिले, तिसरे आणि चौथे संकुल प्रोटॉन आतून बाहेर ढकलतात, ते सिंथेजमधून परत आत येतात आणि येताना एटीपी घडवतात. ही कल्पना पचनी पडायला बराच काळ गेला. मिचेल यांना नोबेल मिळाले ते १९७८ मध्ये.

आता ऑलिगोमायसिनकडे वळू. त्याने प्रोटॉन परत येण्याची वाट बंद होते, पण साखळी आणखी काही क्षण प्रोटॉन बाहेर ढकलतच राहते आणि त्यामुळे तफावत वाढते. एरवीही पटलावरील विभवांतर १५० ते १८० मिलिव्होल्ट असते आणि पटलाची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. म्हणजे दर मीटरला निदान ३ कोटी व्होल्ट इतके तीव्र विद्युतक्षेत्र झाले. एवढ्या विरोधाला तोंड देत प्रत्येक नवा प्रोटॉन बाहेर काढावा लागतो. विरोध वाढत वाढत अशा टोकाला पोहोचतो की इलेक्ट्रॉन पुढे सरकताना मिळणारी ऊर्जा प्रोटॉन ढकलायला पुरेनाशी होते. इलेक्ट्रॉनचे वहन आणि प्रोटॉनचे ढकलले जाणे एकाच यंत्रणेत गुंतलेले असल्यामुळे दुसरे अडले की पहिलेही अडते. चौथे संकुल पूर्णपणे शाबूत असते, पण त्याच्याकडे इलेक्ट्रॉनच फारसे येत नाहीत, आणि इलेक्ट्रॉन नाहीत म्हटल्यावर ऑक्सिजनचे पाण्यात रूपांतर होणार कसे? जो थोडा वापर शिल्लक राहतो तो पटलातून होणाऱ्या प्रोटॉनच्या किरकोळ गळतीमुळे.

पाठ्यपुस्तकांत इथे धरण आणि जनित्राची उपमा हमखास देतात, आणि माझ्या मते आपला गोंधळ तिनेच केला असावा. धरणाचे दरवाजे बंद केले म्हणून पाऊस पडायचा थांबत नाही. इथे मात्र बाहेर पडण्याची वाट बंद झाली की भरणाराच थांबतो. शिवाय मायटोकाँड्रियातील तफावतीचा मोठा वाटा विद्युत स्वरूपाचा असतो आणि पीएचमधील फरक त्या मानाने लहान असतो. हेही पाण्याच्या पातळीवरून ध्यानात येत नाही.

डायनायट्रोफिनॉल हे एक दुर्बल आम्ल आहे आणि त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याच्या अर्ध्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा, ४ च्या आसपास आहे. बाहेरच्या बाजूला ते प्रोटॉन उचलते, पटलातून आत जाते आणि तिथे तो सोडून देते. उरलेल्या आयनावरील ऋणप्रभार बेंझिन वलयावर आणि नायट्रो गटांवर विखुरलेला असल्याने तो आयनही पटलातून परत बाहेर येऊ शकतो, आणि हाच फेरा अखंड चालू राहतो. सिंथेजला वळसा घालून प्रोटॉन आत येऊ लागले की तफावत कोसळते, साखळीला विरोध उरत नाही आणि ऑक्सिजनचा वापर वाढतो. ऊर्जा मात्र सगळी उष्णतेच्या रूपात निघून जाते. १९३० च्या दशकात हे रसायन वजन कमी करण्यासाठी दिले जात असे आणि शरीराचे तापमान आटोक्याबाहेर जाऊन त्यातून मृत्यूही ओढवले. आम्लांच्या प्रकरणातील पीकेए आणि श्वसनाच्या प्रकरणातील हे रसायन वेगवेगळ्या महिन्यांत शिकवले जातात, त्यामुळे एकाचे स्पष्टीकरण दुसऱ्यात दडलेले आहे हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

सायनाइड चौथ्या संकुलातील हीमच्या लोहाला चिकटते. इलेक्ट्रॉनचा शेवटचा मार्गच तिथे बंद होतो, त्यामुळे तफावत असो वा नसो, वहन थांबते. म्हणून सायनाइड आधी घातले तर मागाहून डायनायट्रोफिनॉल घालून काहीही साधत नाही.

यातून अभ्यासाची रीत एवढीच सुचवतो की कोणतीही पायरी वाचली की ती मनातल्या मनात अडवून पाहावी: आधी काय साचेल, नंतर काय संपेल आणि ते पेशीच्या कोणत्या कप्प्यात घडेल? खुद्द क्रेब्स चक्राच्या बाजूचा एक महत्त्वाचा पुरावा असाच मिळाला. मॅलोनेटने सक्सिनेट डीहायड्रोजिनेज अडवून ठेवले असतानाही, चक्रात त्या पायरीच्या पुढे असलेले फ्युमरेट घातले की सक्सिनेट साचत जाते. अभिक्रियांची मालिका सरळ रेषेत असती तर अडथळ्याच्या पुढचा पदार्थ अडथळ्याच्या मागे कसा पोहोचला असता?

एक प्रश्न आपल्यासाठी ठेवतो. रोटेनोन पहिल्या संकुलाला अडवते. आपल्या प्रश्नातील मायटोकाँड्रियांना ऑलिगोमायसिनऐवजी रोटेनोन दिले तर ऑक्सिजनच्या वापराचे काय होईल?

कोरा_कागद

वरील उत्तर उत्तम आहे, पण त्यावरून पाठांतर दुय्यम आहे असा समज होऊ नये म्हणून लिहीत आहे. «समजून घ्या, पाठ करू नका» हा सल्ला या विषयात अर्धवट आहे. ज्याला वीस अमिनो आम्लांच्या पार्श्वशृंखला डोळ्यांसमोर आणता येत नाहीत, त्याला प्रथिनांबद्दल समजून घेण्यासारखे फारसे काही उरत नाही.

सिकल सेल आजाराचे उदाहरण घ्या. बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन येते, हे वाक्य पाठ असून उपयोग नाही. ग्लुटामेटवर ऋणप्रभार असतो आणि व्हॅलिनची पार्श्वशृंखला जलविरोधी असते हे ठाऊक असले, तर त्या एका वाक्यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. पहिली अशी की दोन बीटा शृंखलांमुळे संपूर्ण हिमोग्लोबिनवरील दोन ऋणप्रभार कमी होतात, म्हणून विद्युतक्षेत्रात त्याची गती बदलली पाहिजे. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हेच दाखवले. दुसरी अशी की प्रथिनाच्या पृष्ठभागावर पाण्याला नकोसा ठिपका तयार होतो आणि ऑक्सिजन सुटल्यावर रेणू तिथून एकमेकांना चिकटून लांब तंतू बनू लागतात.

तेव्हा वीस अमिनो आम्ले प्रभारांसह, कार्यात्मक गट, चार न्यूक्लिओटाइडांच्या बेसांची ठेवण आणि ग्लायकोलिसिसमधील तीन अपरिवर्तनीय पायऱ्या, म्हणजे हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज व पायरुवेट कायनेज यांच्या, एवढे बिनचूक पाठ हवे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढावे, मग पुस्तकाशी ताडून पाहावे आणि काही दिवसांनी पुन्हा काढावे. रंगीत पेनाने अधोरेखित करत पुन्हा पुन्हा वाचल्याने येते ती केवळ ओळख, आठवण नव्हे. प्रत्येक मार्गातील प्रत्येक मध्यस्थ रेणूची रचना मात्र पहिल्या वर्षी पाठ करण्याची गरज मला तरी दिसत नाही, अर्थात परीक्षेत ती मागत नसतील तर.

जोडीला थोडे आकडेही पाठ असावेत, कारण त्यांच्याशिवाय सूत्रे निर्जीव राहतात. हेक्सोकायनेजचा केएम (अर्धा कमाल वेग देणारी संहती) ग्लुकोजसाठी सुमारे ०.१ मिलिमोलर आहे, यकृतातील ग्लुकोकायनेजसाठी तोच आकडा १० च्या घरात जातो आणि रक्तातील ग्लुकोज साधारण ५ मिलिमोलर असते. मायकेलिस-मेंटेन सूत्रात (वेग ÷ कमाल वेग = संहती ÷ (केएम + संहती)) हे आकडे घालून पाहा. हेक्सोकायनेज आधीच कमाल वेगाच्या ९८ टक्क्यांवर आहे. ग्लुकोज दुप्पट झाले तरी ते ९९ टक्क्यांवर जाईल, म्हणजे त्याला जेवणापूर्वी आणि जेवणानंतर फरकच जाणवत नाही. ग्लुकोकायनेज त्याच बदलाने ३३ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात त्याचा आलेख किंचित इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला असल्याने हे गणित ढोबळ आहे, पण जेवणानंतर जास्तीचे ग्लुकोज उचलण्याचे काम यकृताकडे का आले, हे त्यातून स्पष्ट होते. केएम म्हणजे अर्धा कमाल वेग देणारी संहती, ही व्याख्या एकदा अशी वापरली की ती वेगळी पाठ करावी लागत नाही.

सूक्ष्मदर्शी

दोन्ही विषय एकत्र कसे अभ्यासावेत, या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून त्यापुरतेच लिहितो.

हे दोन विषय वेगळे आहेत असे वेळापत्रक सांगते, इतिहास तसे सांगत नाही. क्रिस्टियान द दूव यकृतातील एन्झाइमांचा अभ्यास करत होते. ॲसिड फॉस्फटेज हे एन्झाइम त्यांच्या दृष्टीने केवळ तुलनेसाठी मोजायचे होते. यकृताचा ताजा लगदा हळुवारपणे केलेला असला की त्याची सक्रियता अपेक्षेपेक्षा फारच कमी येत असे, आणि तोच नमुना काही दिवस शीतकपाटात राहिला की ती कितीतरी वाढलेली दिसे. साठवणीत एन्झाइम नव्याने तयार होणे शक्य नव्हते. याचा अर्थ ते आधीपासूनच तिथे होते, पण एखाद्या पटलाच्या आड बंद होते आणि ज्यावर ते काम करते तो बाहेरून घातलेला पदार्थ त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. पटल फाटल्यावर ते उघडे पडले. या तर्कातून १९५५ साली लायसोसोम हे नाव पुढे आले. एक पेशीअंगक आधी परीक्षानळीतल्या आकड्यांतून ओळखले गेले आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली त्याची खात्री पटली. द दूव, आल्बर्ट क्लॉड आणि जॉर्ज पॅलेड यांना १९७४ चे नोबेल मिळाले ते अशाच सरमिसळ कामासाठी.

म्हणून माझा आग्रह असा असतो की पेशीअंगकाचे चित्र काढताना त्यात आकडे लिहावेत. लायसोसोमच्या आत पीएच साधारण ४.५ ते ५ आणि बाहेरच्या पेशीद्रवात ७.२, असे लिहिले की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. हा फरक राखायला प्रोटॉन आत ढकलणारा आणि एटीपी खर्च करणारा पंप पटलात हवा. एखादा लायसोसोम फुटला तरी त्यातील एन्झाइमे बाहेरच्या पीएचला जवळजवळ निष्क्रिय होतात, त्यामुळे पेशी लगेच स्वतःला पचवून टाकत नाही. «कोरा_कागद» यांनी प्रभारांबद्दल जे लिहिले आहे तेही इथे लावून पाहा: हिस्टिडिनच्या पार्श्वशृंखलेचा पीकेए ६ धरला तर पीएच ७.२ ला जेमतेम ६ टक्के रेणूंवर धनप्रभार असतो, पीएच ५ ला तो ९१ टक्के रेणूंवर असतो. प्रथिनाच्या आत हा पीकेए सरकतो हे खरे, पण कप्पा बदलला की प्रथिनाचा प्रभार आणि त्याबरोबर त्याचे वर्तन बदलते ते याच मार्गाने.

आकारमानांचीही एक छोटी पट्टी वहीच्या पहिल्या पानावर असू द्यावी: पटल ५ नॅनोमीटर, रायबोसोम २५ ते ३० नॅनोमीटर, साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शीची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर, ई. कोलाय जिवाणू २ मायक्रोमीटर, प्राण्याची पेशी साधारण १० ते २० मायक्रोमीटर. रायबोसोम साध्या सूक्ष्मदर्शीतून सुटे का दिसत नाहीत, यासारखे परीक्षेतले प्रश्न मग वाचतानाच सुटतात.

आणि कोणतेही विधान वाचले की «हे कसे कळले?» असे विचारावे. प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेतून (ती जिथे घडतात त्या पटलांच्या जाळ्यातून) गॉल्जी पिंडाकडे आणि तिथून स्रावकणिकांकडे जातात, हे आकृतीतल्या बाणांवरून सिद्ध होत नाही. जेम्स जेमिसन आणि पॅलेड यांनी १९६७ साली गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना केवळ ३ मिनिटे किरणोत्सारी ल्युसिन दिले, नंतर साधे ल्युसिन भरपूर प्रमाणात दिले आणि ठरावीक वेळांनी किरणोत्सार कुठे पोहोचला ते पाहिले. तो आधी खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेत होता, मग गॉल्जी पिंडाच्या परिसरात आणि सुमारे दोन तासांनी बहुतांश स्रावकणिकांत. साधे ल्युसिन नंतर का द्यावे लागले, याचे उत्तर ज्याला देता येते त्याला तो प्रयोग कळला असे समजावे.

निळी_शाई

सर्वांचे मनापासून आभार. रोटेनोनबद्दलचे माझे उत्तर असे: काहीही फरक पडणार नाही, कारण द्रावणात सक्सिनेट आहे आणि त्याचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या संकुलातून साखळीत शिरतात, म्हणजे पहिले संकुल त्या वाटेवर लागतच नाही. सक्सिनेट डीहायड्रोजिनेज आणि दुसरे संकुल ही एकाच वस्तूची दोन प्रकरणांतली दोन नावे आहेत, हे मला आत्ता जाणवले. सक्सिनेटऐवजी पायरुवेट आणि मॅलेट दिले असते तर मात्र वापर घटला असता. साधे ल्युसिन दिले नसते तर नवी प्रथिनेही किरणोत्सारी होत राहिली असती आणि एकाच तुकडीचा माग काढता आला नसता, असे मला वाटते.

आता दोन शंका उरतात. मॅलेटपासून ऑक्झॅलोॲसिटेट होण्याच्या अभिक्रियेत प्रमाण मुक्त ऊर्जेतील बदल दर मोलला +२९.७ किलोज्यूल दिलेला आहे. इतका धन आकडा असताना क्रेब्स चक्र पुढे जातेच कसे? आणि एका ग्लुकोजपासून मिळणारे एटीपी एका पुस्तकात ३८, दुसऱ्यात ३२ आणि तिसऱ्यात ३० असे का दिलेले आहेत?

ऑक्सिजनमापक

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.

पहिल्या शंकेतील «प्रमाण» हा शब्द महत्त्वाचा आहे. तो आकडा पीएच ७ ला आणि इतर सर्व पदार्थ १ मोलर असतानाचा आहे, आणि अशी परिस्थिती कोणत्याही पेशीत नसते. २५ अंश सेल्सियसला उत्पादित आणि अभिकारक यांचे गुणोत्तर दहापटीने घटले की मुक्त ऊर्जेतील बदल ५.७ किलोज्यूलने खाली येतो. २९.७ ला ५.७ ने भागल्यास ५.२ येतात, म्हणजे ते गुणोत्तर सुमारे १,६०,००० मध्ये एक याहून कमी राखले की अभिक्रिया पुढे जाईल. या गुणोत्तरात एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) आणि एनएडी (त्याचेच इलेक्ट्रॉन नसलेले रूप) यांचाही वाटा आहे, आणि एनएडी जास्त असल्याने काही काम तिथेच होते. उरलेले काम सिट्रेट सिंथेज करते: ते ऑक्झॅलोॲसिटेट तयार होताच उचलते आणि त्याची संहती अत्यल्प ठेवते. त्या पुढच्या अभिक्रियेचा प्रमाण आकडा सुमारे −३२ किलोज्यूल आहे, त्यामुळे तिला हे परवडते. ग्लायकोलिसिसमधील अल्डोलेजची पायरीही अशीच आहे. तिचा प्रमाण आकडा +२३.८ आहे आणि पेशीत मात्र ती समतोलाच्या जवळच चालते. वहीत प्रमाण आकड्यांचा रकाना असेल तर शेजारी पेशीतील प्रत्यक्ष आकड्यांचाही ठेवावा, कारण एखादी पायरी अपरिवर्तनीय आहे की नाही हे दुसऱ्या रकान्यावरून ठरते.

एटीपीच्या आकड्यांचे कोडे गृहीतकांमुळे पडते. एका ग्लुकोजपासून थेट मिळणारे ४ एटीपी, १० एनएडीएच आणि २ एफएडीएच-टू (इलेक्ट्रॉन वाहणारा असाच दुसरा रेणू), इथपर्यंत सगळी पुस्तके सहमत असतात. जुनी पुस्तके दर एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-टूला २ एटीपी धरत, म्हणून ३० + ४ + ४ = ३८. आता हिशेब प्रोटॉनवरून करतात. एनएडीएचच्या दोन इलेक्ट्रॉनांमागे १० प्रोटॉन बाहेर जातात, एफएडीएच-टूच्या बाबतीत ६, आणि एका एटीपीमागे साधारण ४ प्रोटॉन खर्ची पडतात, ज्यांपैकी एक फॉस्फेट आत आणण्यासाठी लागतो. त्यावरून २.५ आणि १.५ हे आकडे येतात आणि बेरीज २५ + ३ + ४ = ३२ होते. ग्लायकोलिसिसमधील २ एनएडीएच पेशीद्रवात तयार होतात आणि ते आतले पटल ओलांडू शकत नाहीत. त्यांचे इलेक्ट्रॉन मॅलेट-ॲस्पार्टेट मार्गाने गेले तर ३२ कायम राहतात, ग्लिसरॉल फॉस्फेटच्या मार्गाने गेले तर प्रत्येकी एक एटीपी कमी मिळून ३० होतात. उत्तरपत्रिकेत कोणताही आकडा लिहा, पण त्याच्या आधी कोणता मार्ग धरला आणि एका एटीपीमागे किती प्रोटॉन धरले, हे एका ओळीत लिहा. नुसता ३२ लिहिलेला पाहून परीक्षकाला आपण काय गृहीत धरले ते कळू शकत नाही.